पेशींची वाढ आणि तिचा लगाम

विळीवर भाजी चिरता चिरता बोट कापते. आपण जखमेवर हळद दाबतो, चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. आठदहा दिवसांनी चिंधी सोडून पाहावे, तर जखम भरून आलेली असते. कापल्या जागी नवी कातडी आलेली असते आणि ती भोवतालच्या कातडीच्या पातळीला येऊन तेथेच थांबलेली असते. जखम भरून कशी येते, हे लहान मूलही विचारते. परंतु भरून आल्यावर ती वाढ थांबते कशी, हे आपण सहसा विचारीत नाही. बोटावरची ती नवी कातडी वाढतच राहिली असती तर काय झाले असते? श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते या थांबण्याविषयी. पण थांबणे समजण्यासाठी आधी वाढणे समजून घेतले पाहिजे.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे शाळेत आपण सर्वांनीच वाचलेले असते. प्रौढ माणसाच्या शरीरात या पेशी किती असाव्यात? शास्त्रज्ञांचा अदमास तीस ते सदतीस लाख कोटींचा आहे. मौज अशी की, या सर्वांचा उगम एकाच पेशीत, मातेच्या उदरातील फलित बीजात, आहे. बुद्धिबळाच्या पटावरील घरोघरी धान्याचे दाणे दुप्पट करीत जाण्याची जुनी गोष्ट आपणांस ठाऊक असेल. राजाला वाटले, मागणी क्षुल्लक आहे. पण पट पुरा होण्याआधीच त्याची कोठारे रिकामी झाली. पेशींचा हिशेबही तसाच आहे. एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी दुप्पट नुसती पंचेचाळीस वेळा केली, तरी संख्या पस्तीस लाख कोटींवर जाते. प्रत्यक्षात पेशी मरतही असतात व त्यांची जागा नव्या पेशी घेत असतात. आतड्याचे आतले अस्तर चारपाच दिवसांत बदलते. तांबड्या रक्तपेशी तर दर सेकंदाला सुमारे वीस लाख या वेगाने अस्थिमज्जेत नव्या तयार होतात. मी हे वाक्य उच्चारीपर्यंत आपणां प्रत्येकाच्या शरीरात कोटभर नव्या रक्तपेशी जन्मल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

पेशी हे नाव दिले गेले ते १६६५ साली. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे पाहिली. ती घरे रिकामी होती. हुकने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. पेशी ही केवळ पेशीपासूनच उत्पन्न होते, हा सिद्धान्त ठामपणे प्रतिष्ठित व्हावयास एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १८५५ साली जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने तो सूत्ररूपाने मांडला. पण एका पेशीच्या दोन होतात म्हणजे नेमके काय होते, हे मात्र पाहावयाचे राहिलेच होते. पेशी जवळजवळ पारदर्शक असते. पाण्यात पाणी पाहावे तसा तो प्रकार.

ती अडचण दूर केली कापडाच्या रंगांनी. त्या काळी जर्मनीत कृत्रिम रंगांचा उद्योग भरभराटीस आला होता. कील येथील वॉल्थर फ्लेमिंग या शरीररचनाशास्त्रज्ञाने ते रंग पेशींवर वापरून पाहिले. सॅलॅमँडर नावाच्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पिलांतील पेशी चांगल्या मोठ्या असतात. त्या त्याने रंगविल्या. पेशीच्या केंद्रकातील काही द्रव्य रंग भराभर शोषून घेते आणि विभाजनाच्या वेळी त्याचे जाड धागे बनतात, असे त्याला आढळले. ते धागे उभे चिरले जातात व त्यांचे अर्धे अर्धे भाग परस्परविरुद्ध टोकांना सरकतात, हेही त्याने पाहिले. १८८२ साली त्याने हे सर्व चित्रांसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आपण त्याला सूत्री विभाजन किंवा समविभाजन म्हणतो आणि त्या धाग्यांना गुणसूत्रे म्हणतो.

हे दृश्य पाहावयास जर्मनीस जाण्याचे कारण नाही. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर एक कांदा असा ठेवावा की त्याचा बूड पाण्याला टेकेल. दोनतीन दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्या मुळांची टोके खुडून, सौम्य आम्लात मऊ करून, रंगवून काचपट्टीवर दाबली, की महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकातून विभाजनाच्या सर्व अवस्था एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. मुळाचे टोक म्हणजे सतत वाढीची जागा. तेथे कोणती ना कोणती पेशी विभागत असतेच.

पहिल्या अवस्थेत केंद्रकातील विस्कळीत धागे आखडून जाड होतात. माणसाच्या एका पेशीतील डी. एन. ए.चा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल आणि तो राहतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात. तो नीट गुंडाळल्यावाचून हलविणे म्हणजे गुंता ओढणे होय. गुंडाळून झालेली गुणसूत्रे कांद्याच्या पेशीत सोळा आणि माणसाच्या पेशीत शेहेचाळीस असतात. या वेळी प्रत्येक गुणसूत्र जुळे असते. दोन सारख्या प्रती एकमेकींना चिकटलेल्या असतात. मग केंद्रकाचे आवरण विरते आणि पेशीच्या दोन टोकांच्या दरम्यान सूक्ष्म तंतूंची एक आकृती उभी राहते. तिचा आकार मध्ये फुगीर व टोकांना निमुळता, सूत भरलेल्या चातीसारखा असतो. म्हणून तिला तर्कू म्हणतात. दुसऱ्या अवस्थेत सर्व गुणसूत्रे या तर्कूच्या मध्यावर एका पातळीत येऊन उभी राहतात. तिसऱ्या अवस्थेत जुळ्या प्रतींमधील बंध तुटतो व एकेक प्रत एकेका टोकाकडे खेचली जाते. चौथ्या अवस्थेत दोन्ही टोकांना नवी केंद्रके तयार होतात. शेवटी प्राण्याच्या पेशीला मध्ये करकोचा पडून, वनस्पतीच्या पेशीत मध्ये नवी भिंत उभी राहून, एकीच्या दोन पेशी होतात. या सगळ्या नाट्याला साधारणपणे एक तास लागतो.

परंतु दोन विभाजनांच्या मधल्या काळात पेशी काय करीत असते? बहुतेक पेशी पाहाव्या तेव्हा शांत दिसत. म्हणून त्या काळाला विश्रांतीचा काळ समजण्याची रीत पडली होती. १९५३ साली लंडनमध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी वालासारख्या एका कडधान्याच्या मुळांना किरणोत्सर्गी फॉस्फरस देऊन ही समजूत मोडीत काढली. फॉस्फरस हा डी. एन. ए.चा घटक आहे. तेव्हा नवा डी. एन. ए. नेमका केव्हा बनतो, हे त्यावरून कळले. तो विभाजनाच्या वेळी बनत नाही. त्याच्या कितीतरी आधी, एका ठराविक मुदतीत बनतो. अशा रीतीने पेशीच्या आयुष्यक्रमाचे चार भाग पडले. पहिल्यात पेशी वाढते, दुसऱ्यात आपल्या डी. एन. ए.ची नक्कल करते, तिसऱ्यात विभाजनाची तयारी पुरी करते आणि चौथ्यात विभागते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या माणसाच्या पेशीला या चक्रास ढोबळ मानाने चोवीस तास लागतात. पैकी पहिल्या भागास अकरा, नकलेस आठ, तयारीस चार आणि प्रत्यक्ष विभाजनास एक तास. या आठ तासांत सुमारे ६४० कोटी अक्षरांच्या मजकुराची नक्कल होते. एखाद्या जुन्या पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकाची धास्ती ज्याने अनुभवली असेल, त्याला या कामाची कल्पना येईल.

आता खरा प्रश्न असा की, एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याचा हुकूम कोण देतो? १९७० साली राव आणि जॉन्सन या दोन संशोधकांनी माणसाच्या दोन पेशी एकमेकींत मिसळून एक केल्या. त्यांतील एक नक्कल करण्यात गुंतलेली होती व दुसरी अद्याप पहिल्या भागातच होती. मिसळल्यावर दुसरीच्या केंद्रकानेही नकलेस आरंभ केला. म्हणजे हुकमाचे द्रव्य पेशीरसात हिंडत असले पाहिजे, हे उघड झाले. पाठोपाठ १९७१ साली योशिओ मासुई व क्लेमंट मार्कर्ट यांनी बेडकीच्या पक्व अंड्यातील रसाचा थेंब अपक्व अंड्यात टोचला आणि ते अपक्व अंडे पक्व होऊन विभाजनाच्या अवस्थेत गेले. पण हे द्रव्य कोणते? ते शुद्ध स्वरूपात हाती यावयास आणखी सतरा वर्षे जावी लागली आणि त्याचा उलगडा तीन वेगवेगळ्या वाटांनी झाला.

पहिली वाट पाव फुगविणाऱ्या यीस्टची. अमेरिकेत लेलंड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास असे यीस्ट निवडून काढले की जे गारव्यात नीट वाढे, पण उष्णता वाढविली की चक्राच्या एका ठराविक टप्प्यावर अडून बसे. असा प्रत्येक वाण म्हणजे चक्रातील एकेक जनुक बिघडलेला. त्यांवरून चक्राशी संबंध असलेले शंभरांहून अधिक जनुक त्यांनी शोधून काढले. दुसरी वाट पॉल नर्स यांची. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे ते दुसऱ्या एका जातीच्या यीस्टवर काम करीत होते. त्यांना एक वाण असा सापडला की त्याच्या पेशी पुरत्या वाढण्याआधीच विभागत आणि त्यामुळे खुजा राहत. पेशी अडली, तर यंत्राचा कोणताही भाग मोडला असण्याचा संभव असतो; पण ती वेळेआधी धावू लागली, तर लगामच सैल झाला असला पाहिजे. या तर्काने नर्स मुख्य जनुकापर्यंत पोहोचले. पुढे १९८७ साली त्यांनी व मेलनी ली यांनी तो जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाच्या पेशीतील जनुक घातले आणि त्यांतील एका मानवी जनुकाने यीस्टचे काम सुरळीत चालू केले. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होऊन सुमारे शंभर कोटी वर्षे झाली. तरी विभाजनाची किल्ली एकमेकांच्या कुलपास लागते, ही सृष्टीच्या एकतेची केवढी साक्ष!

तिसरी वाट समुद्रकाठची. १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट हे अमेरिकेतील वुड्स होल येथे सी-अर्चिन नावाच्या, काटेरी चेंडूसारख्या दिसणाऱ्या समुद्रजीवाच्या अंड्यांवर प्रयोग करीत होते. अंडे फलित झाल्यावर त्यात कोणकोणती प्रथिने बनतात, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. बहुतेक प्रथिने तासागणिक वाढत गेली. एक मात्र वाढत वाढत जाऊन विभाजनाच्या ऐन वेळी नाहीसे झाले, पुन्हा साचू लागले आणि पुढील विभाजनाच्या वेळी पुन्हा नाहीसे झाले. भरतीओहोटीप्रमाणे चढणाऱ्या व उतरणाऱ्या या प्रथिनाला त्यांनी सायक्लिन हे नाव दिले.

१९८८ साली बेडकीच्या अंड्यातील ते हुकमाचे द्रव्य शुद्ध करण्यात आले. त्यात दोन घटक आहेत असे निष्पन्न झाले. एक नर्स यांच्या जनुकापासून बनणारे विकर आणि दुसरा हंट यांचे सायक्लिन. तीन वाटा एका चव्हाट्यावर येऊन मिळाल्या. विकर पेशीत नेहमीच हजर असते. पण सायक्लिनची जोड मिळाल्यावाचून ते निष्क्रिय असते. सायक्लिन पुरेसे साचले, की विकर जागे होते, इतर प्रथिनांवर फॉस्फेटची मुद्रा उमटविते आणि पेशी पुढच्या टप्प्यात जाते. काम झाले की सायक्लिन मोडून टाकले जाते आणि विकर पुन्हा झोपी जाते. टप्पे अनेक असल्यामुळे अशा जोड्याही अनेक आहेत. सायक्लिन मोडले गेल्यामुळे चक्र उलटे फिरू शकत नाही. या कार्याबद्दल हार्टवेल, हंट व नर्स यांना २००१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु नुसता हुकूम पुरेसा नाही. हुकूम देण्याआधी खात्री करून घेणारा कोणी तरी हवा. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातीचे नाके असे. गाडीतला माल तपासल्यावाचून दांडी वर होत नसे. पेशीच्या चक्रातही अशी नाकी आहेत. हार्टवेल यांना असे आढळले होते की क्ष-किरणांनी डी. एन. ए. दुखावला, तर यीस्टची पेशी चक्र थांबवून आधी दुरुस्ती करते. हे थांबविणारा जनुकच बिघडलेला असेल, तर पेशी तशीच पुढे जाते व मरते. पहिले नाके नकलेच्या आधी असते. पेशी पुरेशी वाढली आहे काय, अन्न आहे काय, डी. एन. ए. धड आहे काय, शरीराकडून वाढीचा निरोप आला आहे काय, हे तेथे पाहिले जाते. दुसरे नाके विभाजनाच्या तोंडाशी असते. नक्कल पुरी व बिनचूक झाली की नाही, हे तेथे ठरते. तिसरे ऐन विभाजनात असते. शेहेचाळीसपैकी एक जरी गुणसूत्र तर्कूच्या तंतूला नीट जोडले गेले नसेल, तरी बाकीची सर्व त्याच्यासाठी खोळंबून राहतात.

या नाक्यांवरच्या दोन पहारेकऱ्यांची ओळख करून दिली पाहिजे. एकाचे नाव पी-५३. हे प्रथिन १९७९ साली सापडले. प्रथम त्यालाच कर्करोगाचा साथीदार समजण्यात आले. दहा वर्षांनी उमगले की तो रक्षक आहे. डी. एन. ए. दुखावला की पी-५३ चक्र थांबविते आणि इजा दुरुस्त होण्यापलीकडची असेल, तर त्या पेशीला आत्मनाशाचा मार्ग दाखविते. माणसाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत हाच रक्षक बिघडलेला आढळतो. दुसऱ्याची ओळख लहान मुलांच्या एका नेत्ररोगातून झाली. दृष्टिपटलाच्या या अर्बुदाचा अभ्यास करून १९७१ साली आल्फ्रेड नडसन यांनी असे अनुमान बांधले की एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या म्हणजे हा रोग होतो. १९८६ साली तो जनुक हाती आला. त्याचे प्रथिन पहिल्या नाक्यावर कुलूप घालून बसते. वाढीचा रीतसर निरोप आला, तरच सायक्लिनची जोडी ते कुलूप काढते. जाता जाता सांगून ठेवतो. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चकाकी दिसली, छायाचित्रात एक डोळा पांढरा उमटला, तर दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळीत बसू नये. त्याच दिवशी नेत्रवैद्याला दाखवावे. हा रोग वेळीच सापडला तर बहुधा बरा होतो.

म्हणजे बोटाची जखम भरून थांबते कशी, याचे उत्तर आता देता येईल. जखमेच्या जागी साकळलेल्या रक्तातून व आसपासच्या पेशींतून वाढीचे निरोप सुटतात. कडेच्या पेशी नाके ओलांडून विभागू लागतात. फट भरली, पेशीला पेशी भिडली आणि निरोप आटले, की पहिल्या नाक्याचे कुलूप पुन्हा लागते. पुष्कळ पेशी मग चक्राबाहेर पडून स्वस्थ राहतात. यकृताच्या पेशी वर्षानुवर्षे अशा स्वस्थ असतात, पण यकृताचा भाग कापला गेला तर पुन्हा चक्रात शिरतात. मेंदूतील बहुतेक मज्जापेशी मात्र एकदा बाहेर पडल्या की परत येत नाहीत.

जेथे पहारेकरी निकामी होतात, तेथे थांबणेच नाहीसे होते. पुराणातील रक्तबीजाच्या प्रत्येक थेंबातून नवा रक्तबीज उभा राही. कर्करोगाच्या पेशीचे वर्तन तसेच असते. हा रोग सहसा एका बिघाडाने होत नाही. पेशीत एकामागून एक असे अनेक बिघाड साठावे लागतात आणि त्यास बहुधा वर्षे लागतात. म्हणून तो उतारवयात अधिक आढळतो. तंबाखूच्या धुरातील व चोथ्यातील द्रव्ये डी. एन. ए.ला इजा करून हे बिघाड वाढवितात. रोग्याच्या ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने तो होत नाही. घरातील रोग्याची भांडी वेगळी ठेवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. आजाऱ्याला त्या वेगळ्या वाटीचे दुःख रोगाहून अधिक होते.

उपचारांपैकी पुष्कळ औषधे या चक्रावरच घाव घालतात. आपल्या अंगणातील सदाफुली मूळची मादागास्करची. १९५० च्या दशकात कॅनडात मधुमेहावरील औषध शोधताना तिच्या पानांच्या अर्काने पांढऱ्या रक्तपेशी घटतात असे दिसून आले आणि त्यातून तर्कूचे तंतू उभे राहू न देणारी औषधे हाती आली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्यांतील एक आजही वापरतात. रानातल्या कळलावीच्या कंदातही तर्कू मोडणारे कोल्चिसीन असते. त्याच द्रव्याच्या साहाय्याने १९५६ साली माणसाच्या गुणसूत्रांची संख्या अठ्ठेचाळीस नसून शेहेचाळीस आहे, हे सिद्ध झाले. पण म्हणून कोणी सदाफुलीचा रस काढून पिऊ नये की कळलावी उगाळू नये. दोन्ही विषारी आहेत आणि तोलून मापून, शिरेतून दिलेले औषध आणि पाट्यावर वाटलेला पाला यांत औषध आणि विष एवढे अंतर आहे. अशी औषधे रोगट व निरोगी असा भेद पुरता जाणत नाहीत. भराभर विभागणाऱ्या कोणत्याही पेशीला ती अडवितात. केसांची मुळे, आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा येथे विभाजन सतत चालते. म्हणून रोग्याचे केस गळतात, अन्नावरची वासना जाते, रक्त कमी होते. औषध थांबले की त्या निरोगी पेशी पुन्हा कामाला लागतात आणि केस बहुधा परत येतात. २०१५ सालापासून अमेरिकेत, व पुढे इतरत्र, पहिल्या नाक्यावरच्या सायक्लिनच्या जोडीलाच अडविणारी औषधेही स्तनाच्या काही कर्करोगांवर वापरात आली आहेत. यीस्ट, बेडकी आणि समुद्रातील काटेरी जीव यांच्या मागे लागलेल्या माणसांना त्या वेळी कोणी विचारले असते, की याचा उपयोग काय, तर त्यांना उत्तर देणे कठीण गेले असते.

विळीवर बोट पुन्हा कधी कापलेच, तर आठदहा दिवसांनी चिंधी सोडताना त्या नव्या कातडीकडे क्षणभर पाहावे. तेथे लक्षावधी पेशी विभागल्या आणि वेळ येताच थांबल्या. आणि आपणांस त्याची वार्ताही लागली नाही.